घराजवळचं छोटं चर्च कसं शोधावं? नेटवर्क सायन्सच्या चष्म्यातून



एरवी या ब्लॉगवर साथी कशा पसरतात, अफवा कुठे अडतात, असे विषय असतात. आजचा प्रश्न आमच्याच डिपार्टमेंटमधल्या एका मैत्रिणीचा आहे. माहेर-सासर दोन्ही नगरकडचं, नवऱ्याची नोकरी पुण्यात, मुलगी दोन वर्षांची, आणि आजी-आजोबा सगळे तिकडे. ती म्हणाली, "घराजवळ एखादं छोटं, आपलंसं वाटेल असं चर्च हवंय. तू नेटवर्कवर पीएचडी करतेस ना? मग सांग, शोधायचं कसं?"

तिने हे हसत विचारलं, पण प्रश्न खरोखर नेटवर्कचाच आहे. प्रार्थना ती घरीही करते. तिला हवी आहेत माणसं. रात्री दोनला पोरीला ताप भरला तर फोन करता येईल अशी. मुलीला "अगं, किती मोठी झालीस!" असं दर आठवड्याला म्हणणारी. मराठीत चर्चला जुना शब्दही तोच आहे, मंडळी. प्रोटेस्टंट घरांमध्ये "आमची मंडळी" म्हणजे आमचं चर्च. इमारत नंतर, आधी माणसं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. कुठली शिकवण बरोबर, कुठली उपासना खरी, हा माझा प्रांत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. माणसं एकमेकांना कशी जोडली जातात यावर जे संशोधन झालंय, तेवढंच मी इथे मांडते. यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत. तिथले टक्के इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण त्यामागचं गणित आणि माणसांचा स्वभाव आपल्याकडेही चालतो.

छोटी चर्चेस आपल्या कानावर का येत नाहीत?

नव्या शहरात आलं की आपण ओळखीच्यांना विचारतो, "तुम्ही कुठल्या चर्चला जाता?" इथेच एक गंमत होते.

समजा एका भागात १० चर्चेस आहेत. नऊ चर्चेसमध्ये प्रत्येकी ५० माणसं येतात आणि दहाव्यात ५५०. एकूण माणसं १०००, म्हणजे दर चर्चमागे सरासरी १००. आता या हजार जणांना एकेक करून विचारा, "तुमच्या चर्चमध्ये किती जण असतात?" ५५० जण सांगतील ५५०, उरलेले ४५० सांगतील ५०. या उत्तरांची सरासरी काढली तर येते ३२५! चर्चेस मोजली तर दहापैकी नऊ छोटी. माणसं मोजली तर निम्म्याहून जास्त माणसं मोठ्या चर्चमध्ये.

हे लोकल ट्रेनसारखंच आहे. दिवसभरातल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढली तर गर्दी तेवढी वाईट दिसत नाही. पण प्रवाशांना विचारा, सगळे म्हणतील "मुंगी शिरायला जागा नव्हती". कारण उघड आहे. रिकाम्या गाडीचा अनुभव सांगायला माणसंच कमी असतात.

अमेरिकेत 'नॅशनल काँग्रिगेशन्स स्टडी' नावाचं सर्वेक्षण १९९८ पासून ठरावीक काळाने होतं. त्याच्या २०१८-१९ च्या फेरीत नेमकं हेच दिसलं. प्रार्थनास्थळं आकाराप्रमाणे ओळीने लावली तर मधोमध येणाऱ्या ठिकाणी मुलांसकट फक्त ७० नियमित माणसं. पण सरासरी उपासक जिथे जातो, तिथे ३६०.

म्हणून पहिला धडा असा की ओळखीच्यांना विचारून छोटं चर्च सापडण्याची शक्यता मुळातच कमी आहे. ते 'नाहीये' असं नसतं, त्याचं नाव घेणारी तोंडं कमी असतात. ते पायी फिरूनच शोधावं लागतं. रविवारी सकाळी आपल्या भागात चक्कर मारा. शाळेच्या हॉलमध्ये, बंगल्याच्या तळमजल्यावर, जुन्या मिशनच्या आवारात काय चालतं ते बघा. शेजारच्या मोठ्या चर्चच्या पाळकांनाही विचारा. कोण कुठे जमतं, हे त्यांना बरोबर माहीत असतं.

'छोटं' म्हणजे किती?

इथे हमखास १५० हा आकडा येतो. रॉबिन डनबार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला माकडांच्या आणि वानरांच्या मेंदूचा आकार व त्यांच्या कळपांचा आकार यांचं नातं मांडलं. त्यावरून माणसासाठी अंदाज काढला की साधारण १५० जणांशी आपण खरं, दुहेरी ओळखीचं नातं ठेवू शकतो. त्यातही थर असतात. अगदी जिवाभावाचे ५, जवळचे १५, बरे ओळखीचे ५०, आणि एकूण १५०. पुढे २०२० मध्ये ब्रेदरटन आणि डनबार यांनी हीच कल्पना चर्चच्या वाढीला लावून एक लेख लिहिला.

पण १५० ला देवाची आज्ञा समजू नका. २०२१ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी हेच गणित वेगळ्या संख्याशास्त्रीय पद्धतींनी पुन्हा केलं. तेव्हा अंदाजाची मर्यादा एकेरी आकड्यापासून पार पाचशेच्या वर पसरली. म्हणजे १५१ वा माणूस आला की मंडळी तुटते, असं काही नाही.

आकड्यापेक्षा त्यामागचं कारण कामाचं आहे. ५० माणसांत जोड्या होतात १,२२५. ५५० माणसांत १,५०,९७५. माणसं ११ पट वाढली तर जोड्या १२३ पट वाढतात, आणि रविवारच्या उपासनेनंतरचा वेळ मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे मोठ्या ठिकाणी बहुतेक जोड्या एकमेकांना अनोळखीच राहणार. कोणी माणूसघाणं आहे म्हणून नाही, वेळ पुरत नाही म्हणून.

नुसतं जाणं पुरत नाही

चर्चला जाणारे लोक सरासरीने जास्त समाधानी असतात, असं अनेक सर्वेक्षणांत दिसलं होतं. प्रश्न होता, का? चाओयून लिम आणि रॉबर्ट पटनम यांनी २००६ आणि २००७ मध्ये अमेरिकेत त्याच माणसांना दोनदा प्रश्न विचारून हे तपासलं. त्यांचा लेख २०१० मध्ये आला.

दर आठवड्याला जाणारे आणि तिथे तीन ते पाच जवळचे मित्र असणारे, यांच्यातले ३३ टक्के म्हणाले की आम्ही आयुष्याबद्दल 'अत्यंत समाधानी' आहोत. दर आठवड्याला जाणारे, पण तिथे एकही जवळचा मित्र नसलेले? १९ टक्के. आणि कधीच न जाणारे? तेही १९ टक्केच!

थोडं थांबून बघा. वर्षाचे बावन्न रविवार वेळेवर हजर राहिलात, पण तिथे तुमचं कोणी नसेल, तर समाधानाच्या या मापावर तुम्ही न जाणाऱ्याच्याच रांगेत. श्रद्धेचं मोल या मापाने ठरत नाही, हे खरंच. पण "आम्हाला माणसं हवीत" म्हणून चर्च शोधणाऱ्या कुटुंबासाठी हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. शंभर जणांनी हस्तांदोलन करण्यापेक्षा तीन घरं जोडली जाणं जास्त मोलाचं.

तीन घरं जोडायला किती रविवार लागतात?

जेफ्री हॉल या संशोधकाने नुकतंच गाव बदललेल्या प्रौढांना आणि कॉलेजात नव्याने आलेल्या मुलांना विचारून हिशोब मांडला. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात. चांगली मैत्री व्हायला ९० तास, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर.

आता आपलं गणित करू. उपासनेत आपण शेजारी बसतो, पण बोलत नाही. बोलणं होतं नंतर, समजा २० मिनिटं. ५० तास म्हणजे ३,००० मिनिटं, म्हणजे १५० रविवार. जवळजवळ तीन वर्षं! तोवर पोरगी शाळेत जायला लागेल.

त्याऐवजी आठवड्यात एक घरगुती प्रार्थना सभा असेल, चहा-पोह्यांसकट दीड तासाची, तर आठवड्याला ११० मिनिटं झाली. तेच ५० तास २७-२८ आठवड्यांत, म्हणजे साधारण सहा महिन्यांत भरतात. म्हणून चर्चचा प्रवचनकार किती नामवंत आहे याआधी विचारा, "आठवड्यात घरोघरी काही असतं का? आमच्या भागात कोणाकडे असतं?"

आणि उपासनेनंतर चहा असतो का, हेही विचारा. चर्चमधल्या चहाचं वजन पुण्याला सांगायला नको. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसकट काही मंडळींपुढे चहा आला, त्यावरून ग्रामण्य आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली होती. एका कपाने कोण कोणाचं, हे ठरत होतं. आज प्रायश्चित्त नाही, पण कपाचं काम तेच आहे.

अंतराचंही असंच आहे. १९५० मध्ये फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास छापला. एकाच मजल्यावर दाराला दार लागून असलेल्यांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांना जवळचं म्हटलं. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के. घरं यदृच्छेने मिळालेली, स्वभाव जुळवून नाही, आणि अंतर काही मीटरचं! कारण साधं आहे, जिना, नळ, कपड्यांची दोरी, येता-जाता भेट. चर्चची माणसं तुमच्याच भाजीवाल्याकडे, तुमच्याच बागेत भेटणार असतील, तर ते ५० तास न ठरवता भरतात. दहा किलोमीटरवरच्या सुंदर चर्चपेक्षा एक किलोमीटरवरचं साधं चर्च लहान मुलाच्या आईबापाला बहुतेक वेळा जास्त देऊन जातं. पावसात स्कूटरवर मूल घेऊन निघायचा प्रसंग आला की हे आपोआप पटतं.

छोट्याचीही किंमत असते

आता दुसरी बाजू. ॲलन विकर यांनी १९६९ मध्ये लहान आणि मोठ्या चर्चच्या सभासदांची तुलना केली. लहान चर्चमधली माणसं जास्त कार्यक्रमांत भाग घेत होती, जास्त जबाबदाऱ्या उचलत होती. रॉजर बार्कर आणि पॉल गंप यांनी १९६४ मध्ये कॅन्ससच्या छोट्या-मोठ्या शाळांत हेच पाहिलं होतं. कामं तेवढीच, हात कमी, म्हणून प्रत्येक हात लागतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर तिसऱ्या महिन्यात तुमच्या हातात पेटी नाहीतर खजिन्याची वही येणार! ज्याला जोडून घ्यायचंय त्याला हे वरदान आहे, कारण कामातून मैत्री सर्वात लवकर होते. पण झोप न झालेल्या नव्या आईला ते ओझंही होऊ शकतं. "सध्या फक्त येऊन बसू" असं म्हटल्यावर कोणी नाक मुरडतं का, ते बघा.

छोट्या नेटवर्कमध्ये बातमीही लवकर पोचते, मदतीची तशीच चहाडीचीही. दोन घराण्यांत वाजलं तर लपायला कोपरा नसतो. ४० माणसांत मुलं तीनच असतील, आणि त्यांतलं एक बारा वर्षांचं. हे सगळं माहीत असून निवडावं.

मोठ्यातलं छोटं

कॅथलिक कुटुंबांसाठी प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथे धर्मग्राम सर्वसाधारणपणे भूभागावरून ठरतो, म्हणजे पत्ता बदलला की धर्मग्राम बदलला. मुंबई-वसईकडे धर्मग्राम हजारोंचा असू शकतो. पण मुंबई धर्मप्रांतात १९८० च्या दशकापासून 'स्मॉल ख्रिश्चन कम्युनिटी', लोकांच्या तोंडी एससीसी, रुजवण्यात आल्या आहेत. काही इमारती किंवा एखादी गल्ली मिळून एक गट, आणि बैठका घरोघरी. नेटवर्कच्या भाषेत मोठ्या जाळ्यात घट्ट विणलेले छोटे पुंजके. मिस्सा हजारोंबरोबर, पण ताप आल्यावर फोन गल्लीतल्या पंधरा घरांपैकी एकाला. नव्या घरात गेल्यावर फादरना पहिला प्रश्न हाच विचारावा, "आमची इमारत कुठल्या गटात येते?"

प्रोटेस्टंटांना निवड जास्त, पण पाटीवरून अंदाज बांधू नये. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन झालं, त्यामुळे एकाच नावाखाली उपासनेच्या रीती निरनिराळ्या सापडतात. शिवाय शहरातल्या चर्चमध्ये एकाच छपराखाली दोन-तीन भाषांच्या उपासना होतात. इंग्रजीला गर्दी असली तरी मराठी उपासना पन्नास-साठ जणांची असू शकते. तेच तुमचं छोटं चर्च!

स्वागत सगळ्यांचं सारखं होतं का?

हा भाग नावडता आहे, पण टाळता येत नाही. २०१५ मध्ये ब्रॅडली राइट आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. त्यांनी अमेरिकेतल्या ३,१२० चर्चेसना ईमेल पाठवले, "आम्ही तुमच्या भागात राहायला येतोय, चर्च शोधतोय." मजकूर एकच, बदललं फक्त नाव. गोरं वाटणारं, कृष्णवर्णीय वाटणारं, हिस्पॅनिक वाटणारं, आशियाई वाटणारं. जी चर्चेस स्वतःला उदारमतवादी म्हणवतात, त्या मेनलाइन प्रोटेस्टंट चर्चेसमध्येच भेदभाव सर्वात जास्त निघाला. गोऱ्या नावाला सर्वात जास्त उत्तरं, आशियाई नावाला खूपच कमी, आणि आलेली उत्तरंही छोटी, कोरडी. इव्हँजेलिकल आणि कॅथलिक चर्चेसमध्ये मात्र फारसा फरक दिसला नाही. घोषित विचार एक आणि दारातलं वागणं दुसरं, असं होऊ शकतं.

आपल्याकडे यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. "जय ख्रिस्त" झालं की पुढचे प्रश्न ठरलेले, "कुठले तुम्ही? आडनाव काय?" नव्वद टक्के वेळा त्यात जिव्हाळाच असतो. "अरे, म्हणजे तुम्ही आमच्या मावशीच्या गावचे!" असं म्हणत नेटवर्कमधला एक धागा जोडला जातो. पण आडनाव ऐकल्यावर आवाज बदलला, बसायची जागा बदलली, चहाचा कप पुढे यायचा थांबला, तर तेही तुम्हाला कळतं. त्याला 'आपल्या मनाचे खेळ' म्हणून दाबू नका. तुमचं मूल त्याच हॉलमध्ये मोठं होणार आहे.

सहा रविवारांचा साधा प्रयोग

एका भेटीवर निर्णय घेऊ नये. पहिल्या दिवशी सगळेच गोड बोलतात. आणि रोज नवं चर्च बघत फिरलं तर कुठेच तास साठत नाहीत. म्हणून दोन-तीन ठिकाणं एकदा बघा, मग त्यातल्या एका ठिकाणी सलग सहा रविवार जा आणि इतकं टिपून ठेवा.

१. दारावर ज्यांची ड्यूटी नाही, अशा किती जणांनी आपणहून बोलणं काढलं?

२. दुसऱ्या वेळी कोणाला मुलीचं नाव आठवलं का?

३. मूल रडलं तेव्हा किती माना वळल्या, आणि किती हात पुढे आले? हे दोन आकडे वेगवेगळे लिहा.

४. संडे स्कूलमध्ये कमीत कमी दोन मोठी माणसं असतात का? दार उघडं असतं का, पालकांना कधीही डोकावता येतं का? इथे उत्तर "नाही" असेल तर बाकीचे गुण मोजू नका, निघा.

५. सहा आठवड्यांत कोणी घरी बोलावलं का? तुम्ही बोलावलंत तर कोणी आलं का? नेटवर्कमधला धागा दोन्ही टोकांनी धरावा लागतो.

६. एखाद्या रविवारी जमलं नाही, आणि लहान मूल असलं की असा रविवार येतोच, तर बुधवारपर्यंत कोणाचा फोन आला का?

हा शेवटचा प्रश्न मला सर्वात भरवशाचा वाटतो. सत्तर जणांत एक खुर्ची रिकामी दिसते, सातशे जणांत दिसत नाही. छोट्या चर्चची खरी ताकद इतकीच आहे की तिथे तुमची गैरहजेरी दिसते. पण दिसणं आणि विचारपूस करणं यात एक फोनचं अंतर असतं, आणि तो फोन आकारामुळे येत नाही, माणसांमुळे येतो. सातशेच्या चर्चमधल्या एखाद्या गल्लीगटाने तो केला, तर तुमची मंडळी तीच.

मैत्रिणीला मी ही सहा प्रश्नांची यादी दिली, आणि वर एक सातवं काम दिलं. जिथे स्थिरावशील, तिथे पुढच्या वर्षी नवं कुटुंब आलं की पहिला फोन तू कर.

तुमच्या शहरात तुम्ही चर्च, मंदिर, भजनी मंडळ किंवा नुसता कट्टा कसा शोधलात? कितव्या आठवड्यात तिथे पहिल्यांदा कोणी नावाने हाक मारली? कमेंटमध्ये जरूर लिहा. पुढच्या पोस्टमध्ये पुन्हा आपल्या नेहमीच्या अफवांकडे वळू.